जुन्या घाटाच्या घोडेवाल्या रायफलीचे सैल भाग कसे बसवावेत

बाहेर ठळक घोडा असलेली, जुन्या घाटाची रायफल हातात घेऊन हलकेच हलवली आणि कुठेतरी काही खुळखुळले, तर बहुतेक माणसे लगेच पेचकस शोधतात आणि समोर दिसेल तो स्क्रू आवळू लागतात. स्क्रू सैल का झाला हे न पाहता तो आवळला, तर खुळखुळ काही दिवस थांबते, पण ज्या लाकडात तो बसलेला असतो ते आणखी दबते आणि मूळ दोष वाढतो. या बंदुकीत पोलाद आणि लाकूड एकमेकांना धरून असतात. हवेतील ओलाव्याबरोबर लाकूड आपल्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, पोलादावर मात्र ओलाव्याने तसा परिणाम होत नाही. त्यामुळे दमट हवेत घट्ट असलेला जोड कोरड्या हवेत सैल पडतो, आणि सैल जोडावर घोड्याचा प्रत्येक आघात त्याला आणखी मोकळा करतो.

या लेखात ‘घोडा’ हा शब्द नळीच्या बाजूला असलेल्या, अंगठ्याने मागे ओढायच्या भागासाठी वापरला आहे आणि बोटाने ओढायच्या भागाला ‘चाप’ म्हटले आहे, कारण बोलताना या दोन शब्दांची अनेकदा गल्लत होते. विवेचन मुख्यतः टोपीवर उडणाऱ्या, ठासणीच्या रायफलीचे आहे. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूच्या यंत्रणेचे पेटंट घेतले, पुढे घोड्याच्या आघाताने फुटून ठिणगी देणारी तांब्याची छोटी टोपी आली आणि शतकाच्या मध्याच्या सुमारास १८५३ सालच्या नमुन्याची ०.५७७ इंची एन्फिल्ड आणि १८६१ सालची ०.५८ इंची स्प्रिंगफिल्ड अशा लष्करी रायफली तयार झाल्या. त्याच काळात अमेरिकेतील सेंट लुईस येथे हॉकेन बंधूंनी घडवलेली आखूड दस्त्याची रायफल शिकाऱ्यांमध्ये प्रसिद्ध झाली. आज लोकांच्या हाती असणाऱ्या बहुसंख्य बंदुका या नमुन्यांच्या नव्या प्रतिकृती असतात. हे येथे सांगण्याचे कारण असे की लष्करी नमुन्यांत नळी दस्त्याला धातूच्या कड्यांनी बांधलेली असते, तर हॉकेनच्या घाटात ती आडव्या पाचरांनी धरलेली असते, आणि कोणता भाग कसा सैल होणार हे या फरकावरून ठरते.

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री

ठासणीच्या बंदुकीत मागून उघडून पाहण्याची सोय नसते, म्हणून ती रिकामी आहे की भरलेली हे नजरेने कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर दीर्घकाळ पेटण्याजोगी राहते, आणि भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या बंदुकीत भरलेला बार सापडल्याची उदाहरणे खरोखर आहेत. म्हणून प्रथम नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निपलवर, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या पोकळ खुंटीवर, टोपी नाही हे पाहावे. मग ठासण्याचा गज नळीत अलगद तळापर्यंत सोडावा आणि तोंडाशी जिथे गज बाहेर येतो तिथे त्यावर खडूने खूण करावी. गज बाहेर काढून ती खूण तोंडाशी जुळेल असा नळीच्या बाहेरच्या अंगाला समांतर धरावा. नळी रिकामी असेल, तर गजाचे दुसरे टोक साधारण निपलच्या बुडापर्यंत, म्हणजे जिथून ठिणगी नळीत शिरते तिथपर्यंत पोहोचते. ते दोन-चार सेंटिमीटर अलीकडेच थांबले, तर आत बार, गोळी किंवा निदान कचरा आहे असे धरून चालावे, पुढचे काम तिथेच थांबवावे आणि बंदूक जाणत्या कारागिराकडे न्यावी. भरलेली नळी घरी मोकळी करण्याचा प्रयत्न करू नये.

हे मोजमाप एकदा केल्यावर रिकाम्या नळीच्या खोलीची कायमची खूण गजावर करून ठेवावी. टोप्या आणि दारू कामाच्या खोलीत असताच कामा नयेत. शस्त्र बाळगणे आणि दुरुस्त करणे याबाबत आपल्या ठिकाणचा कायदा काय सांगतो, तेही काम हाती घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

हत्यारे आणि नोंद

या कामात सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या पेचकसाने होते. घरगुती पेचकसाचे पाते पाचरीसारखे निमुळते असते, त्यामुळे ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते, जोर दिला की वर उसळते आणि स्क्रूचे डोके कुरतडते. बंदुकीच्या स्क्रूंची खाच अरुंद आणि समांतर भिंतींची असते, म्हणून पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, त्याची जाडी खाचेत सैल न राहता बसणारी हवी आणि रुंदी डोक्याच्या व्यासाइतकी हवी, पण त्याबाहेर डोकावणारी नको. प्रत्येक स्क्रूसाठी वेगळे पाते घासून तयार करावे लागले तरी तो वेळ वाया जात नाही. कुरतडलेली खाच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि जुन्या बंदुकीवर पहिली नजर तिथेच जाते.

याशिवाय पितळी पंच, लाकडी किंवा कातडी तोंडाची छोटी हातोडी, मधमाशांचे मेण, चांगले भेदक तेल, मऊ कापड आणि एक जाड पुठ्ठा एवढे साहित्य पुरते. पुठ्ठ्यावर रायफलीची बाह्याकृती काढावी आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्या आकृतीत आपापल्या जागी टोचून ठेवावा. बाजूच्या पट्टीचे दोन स्क्रू दिसायला सारखे असले तरी त्यांच्या लांबीत फरक असू शकतो, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतल्या भागाला घासतो.

गंजाने धरलेला स्क्रू जोर लावून फिरवू नये. त्यावर भेदक तेलाचा थेंब सोडून एक दिवस थांबावे, डोक्यावर पितळी पंचाने हलके ठोके द्यावेत, आणि तरीही न सुटल्यास डाखणीच्या तापलेल्या टोकाने डोके गरम करून थंड होऊ द्यावे. प्रसरण-आकुंचनाने गंजाची पकड बहुधा सुटते.

सैलपणा नेमका कुठे आहे

काहीही आवळण्याआधी खुळखुळ कुठून येते ते शोधावे. रायफल दस्त्याच्या मानेशी सैलसर धरून तळहाताने नळीवर, मग दस्त्याच्या पुढच्या भागावर, मग बाजूच्या पट्टीवर हळूच थापट्या माराव्यात आणि दुसऱ्या हाताचे बोट एकेका जोडावर ठेवावे, कारण कानाला जो आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो तो बोटाला एकाच जागी जाणवतो. गज काढून पुन्हा हलवून पाहावे. पुष्कळदा सगळी खुळखुळ एकट्या गजाची निघते. त्यानंतर घोडा बाजूला हलतो का, नळी दस्त्यात उचलली जाते का, चापाभोवतीचे कडे सरकते का, नेम धरण्यासाठी असलेली मागची लक्ष्यपट्टी आणि पुढची माशी बोटाच्या दाबाने हलते का, हे क्रमाने पाहून कागदावर टिपून ठेवावे.

लाकडात बसणारे स्क्रू

चापाचे कडे, दस्त्याच्या टोकाची पितळी पाटी आणि गज धरणाऱ्या काही नळकांड्या लाकडातल्या स्क्रूंनी धरलेल्या असतात. असा स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल, तर लाकडातले आटे झिजलेले असतात. झीज थोडी असल्यास कठीण लाकडाच्या एक-दोन बारीक काड्या लाकडी कामाच्या सरसात बुडवून छिद्रात बसवाव्यात, सरस पूर्ण वाळू द्यावा आणि मग स्क्रू परत फिरवावा. झीज जास्त असेल, तर छिद्र किंचित मोठे करून त्यात दस्त्याच्याच जातीच्या लाकडाची, बहुधा अक्रोडाची, खुंटी बसवावी. बाजारात मिळणाऱ्या गोल दांडीच्या रेषा लांबीच्या दिशेने जातात, त्यामुळे स्क्रू तिच्या तोडलेल्या टोकात शिरतो आणि तिथे आट्यांची पकड कमजोर असते. म्हणून खुंटी अशी कापावी की तिच्या रेषा स्क्रूला आडव्या येतील. नंतर स्क्रूच्या आट्यांखालच्या गाभ्याइतक्या व्यासाचे छिद्र पाडून, आट्यांना मेण लावून स्क्रू बसवावा. साबण वापरू नये, कारण तो ओलावा ओढतो आणि स्क्रू गंजतो.

लाकूड तेलाने काळे पडून मऊ झाले असेल, तर त्यात सरस धरणार नाही. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की नळीला आणि यंत्रणेला लावलेले तेल ओघळून नेमके मागच्या, सर्वांत नाजूक लाकडात मुरते. अशा जागी खडूची भुकटी आणि ॲसिटोन यांचा लगदा लावावा. तो वाळताना तेल वर ओढून पिवळट होतो, मग झटकून काढावा आणि लगदा पांढराच राहीपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. ॲसिटोन झटकन पेटते, म्हणून हे काम उघड्या हवेत, आगीपासून दूर करावे. पुढे बंदूक ठेवताना तेल कमी वापरावे आणि ती आडवी किंवा तोंड खाली करून ठेवावी.

बाजूची पट्टी आणि तिचे स्क्रू

घोडा, मोठी स्प्रिंग आणि तिचे सोबती ज्या पट्टीवर बसवलेले असतात त्या संपूर्ण संचाला ‘लॉक’ म्हणतात. तो दस्त्याच्या उजव्या बाजूला खोदलेल्या जागेत बसतो आणि डावीकडून आरपार येणाऱ्या एक किंवा दोन स्क्रूंनी धरला जातो. हे काढण्याची एक रीत आहे. घोडा अर्ध्या टप्प्यावर, म्हणजे अर्धाच मागे ओढून अडकवलेला ठेवावा, म्हणजे तो निपलला अडत नाही. दोन्ही स्क्रू तीन-चार फेरे सैल करावेत, पण बाहेर काढू नयेत, आणि त्यांच्या डोक्यांवर पेचकसाच्या लाकडी मुठीने आळीपाळीने हलके ठोके देऊन पट्टी सरळ, समांतर बाहेर ढकलावी. पट्टीच्या कडेखाली पाते घालून ती उचकटली, तर लाकडाची कड हमखास तुटते.

लॉक बाहेर आल्यावर घोडा अंगठ्याने धरून मागे-पुढे करून पाहावा. बाहेर असताना यंत्रणा मोकळी चालत असेल आणि बंदुकीत बसवून स्क्रू आवळल्यावर जड चालत असेल, तर दोष यंत्रणेत नसून लाकडात आहे. पट्टीची आतल्या बाजूची जाड कड नळीच्या बाजूला नीट टेकायला हवी. ती टेकत नसेल, तर स्क्रू आवळताना पट्टी वाकते आणि आतले फिरते भाग चिमटले जातात. हे तपासायला जुनी काजळीची रीत अजूनही सर्वांत चांगली आहे. दिव्याच्या काजळीचा पातळ थर पट्टीच्या आतल्या बाजूला धरावा, पट्टी जागी दाबून परत काढावी, आणि लाकडावर जिथे काळा ठसा उमटेल तिथे धातू टेकतो आहे असे समजावे. फक्त एकाच कोपऱ्यात ठसा दिसला, तर तेवढा उंचवटा धारदार छिन्नीने कागदाइतका खरवडावा आणि पुन्हा ठसा घ्यावा. याउलट लाकूड दबून जागा खोल झाली असेल, तर पातळ लाकडी पापुद्रा किंवा जाड कागदाचा तुकडा घालून किती भर हवी याचा अंदाज घ्यावा. प्रतिकृतीत ही भर इपॉक्सीने कायमची करता येते. त्या वेळी धातूच्या प्रत्येक पृष्ठभागावर मेणाचा अखंड थर द्यावा आणि स्क्रूची छिद्रे खेळण्याच्या मातीने बुजवावीत, नाहीतर पट्टी कायमची चिकटेल. खऱ्या जुन्या बंदुकीत मात्र परत काढता येईल अशीच भर घालावी, कारण तिचे मूळ लाकूड आणि मूळ स्क्रू हेच तिचे मोल असते.

स्क्रू किती आवळावेत, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की बोटांच्या जोराने घट्ट लागल्यावर मनगटाने जरासेच, आणि नंतर घोडा मागे ओढून यंत्रणा मोकळी चालते का ते पाहावे. जड वाटल्यास पाव फेरा सैल करावे.

नळीच्या मागे शेपटीसारखी पट्टी असते, तिचा उभा स्क्रू बहुधा दस्त्यातून आरपार जाऊन चापाच्या पाटीत शिरतो. मधले लाकूड दबलेले असताना तो फार आवळला, तर चापाची पाटी वर खेचली जाते आणि चापाचे पाते लॉकमधल्या, घोडा अडवून धरणाऱ्या खिटीला आधीच टेकून राहते. मग घोडा अर्ध्या टप्प्यावर नीट अडकत नाही. हा दोष बाहेरून दिसत नाही आणि फार धोकादायक असतो, म्हणून हा स्क्रू आवळल्यावर चाप हलवून त्यात खिटीला टेकण्याआधी किंचित मोकळीक उरली आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

डुगडुगणारा घोडा

घोडा बाजूला हलत असेल, तर दोन वेगळी कारणे ओळखावी लागतात. घोडा आतल्या टंबलर नावाच्या भागाच्या चौकोनी टोकावर बसतो आणि बाहेरून स्क्रूने धरला जातो. घोडा हलतो पण टंबलर जागचा हलत नाही, असे असल्यास एकतर तो स्क्रू सैल आहे किंवा चौकोन झिजला आहे. स्क्रू काढून आटे स्वच्छ करावेत आणि परत घट्ट बसवावा. तो पुनःपुन्हा सैल होत असेल, तर आट्यांवर मध्यम ताकदीच्या, सामान्यतः निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, एक थेंब पुरतो. लाल रंगाचा द्रव वापरू नये, कारण तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि तेवढ्या उष्णतेने कठीण केलेले भाग बिघडू शकतात. स्क्रू घट्ट असूनही घोडा चौकोनावर हलत असेल, तर पत्र्याचा तुकडा घालून वेळ मारून नेऊ नये. झिजलेल्या चौकोनामुळे घोडा निपलवर तिरका पडतो. हे काम कारागिराचे आहे.

घोड्याबरोबर टंबलरही हलत असेल, तर लॉकच्या आत टंबलरला आतल्या बाजूने आधार देणाऱ्या छोट्या पुलाचे स्क्रू पाहावेत. ते आवळता येतात, पण आवळल्यावर खिटी आणि टंबलर दोन्ही सहज फिरतात याची खात्री करावी. मोठी इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग मात्र योग्य चिमट्याशिवाय काढू नये. ती दाबाखाली असते, सुटली तर डोळ्याला इजा करू शकते, आणि पक्कडीने वाकडी दाबली तर मोडते. खिटीचे टोक आणि टंबलरच्या खाचा कानशीने घासून चाप ‘हलका’ करण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळावा, कारण घोडा अडवून धरणारे तेवढेच दोन पृष्ठभाग असतात.

नळी, पाचरी आणि कडी

हॉकेनच्या घाटात नळीच्या खालच्या बाजूला भोकाचे कान असतात आणि दस्त्यातून आडवी जाणारी चपटी पाचर त्यांत अडकते. पाचर बोटाने सहज निघत असेल, तर ती काढून, सपाट ऐरणीवर ठेवून मधोमध अगदी हलका बाक द्यावा, म्हणजे ती आत जाताना स्प्रिंगसारखी ताणून बसते. बाक डोळ्याला जेमतेम दिसेल एवढाच असावा. पाचर कोणत्या बाजूने काढली आणि तिची कोणती बाजू वर होती याची खूण करून ठेवावी आणि ती तशीच परत घालावी, कारण भोके एका दिशेला झिजून तिच्याशी जुळलेली असतात.

कडी असलेल्या लष्करी नमुन्यांत रीत वेगळी आहे. स्प्रिंगफिल्डमधील कडी दस्त्यातल्या पात्याच्या स्प्रिंगांनी अडवलेली असतात, त्यामुळे कडे सैल वाटल्यास आधी ती स्प्रिंग लाकडात दबून बसली आहे का ते पाहावे. एन्फिल्डची कडी स्क्रूने आवळली जातात, आणि येथे अधिक जोर लावण्याचा मोह विशेष होतो. कडे जागचे सरकणार नाही इतपत आवळणे पुरे आहे. त्याहून अधिक आवळल्यास लाकूड चेपते आणि नळीवर असमान ताण येतो.

लक्ष्यपट्टी किंवा माशी पाचरीसारख्या आडव्या खाचेत बसलेली असते. ती हलत असल्यास तिची सध्याची जागा नळीवर बारीक रेघेने खुणावून, भाग बाहेर काढून, खाचेच्या तळाशी पितळी पत्र्याचा अत्यंत पातळ तुकडा ठेवून पितळी पंचाने परत बसवावा. नळीवर हातोडीचे ठोके मारून खाचेच्या कडा दाबण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण पत्रा केव्हाही काढता येतो. गज खुळखुळत असेल, तर खोबणीच्या आत त्याला हलके धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग किंचित वाकवावी. तशी स्प्रिंग नसेल, तर खोबणीच्या आत कातड्याची पातळ पट्टी चिकटवावी.

निपल

निपल सैल असणे हा केवळ खुळखुळीचा प्रश्न नव्हे. तिच्या आट्यांतूनच नळीतला दाब अडवला जातो आणि ती उडाल्यास नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येते. ती तिच्याच मापाच्या पान्याने काढावी, आटे काळ्या दारूच्या राखेपासून पाण्याने धुवून, वाळवून, हलके तेल लावून परत बसवावी. ही राख ओलावा ओढते आणि आट्यांना आतून खाते. नवी निपल आणताना माप डोळ्याने ठरवू नये. ६ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांची निपल आणि पाव इंची, इंचाला २८ आट्यांची निपल या जवळजवळ सारख्या दिसतात, पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर होतात. पहिली दुसरीच्या छिद्रात घातल्यास कदाचित काही फेरे फिरेल, पण धरणार नाही. नळीतले आटे झिजले असतील किंवा नळीच्या मागचा बूचासारखा स्क्रू हलत असेल, तर ती बंदूक दुरुस्त होईपर्यंत वापरायची नाही, आणि ते बूच घरी सोडवायचे नाही.

परत जोडल्यावर

सर्व भाग बसवून झाल्यावर निपलवर जाड कातड्याचा तुकडा ठेवून पुढील तपासणी करावी. घोडा अर्ध्या टप्प्यावर ठेवून चाप जोराने ओढावा. घोडा सुटता कामा नये. मग पूर्ण टप्प्यावर आणून, चापाला हात न लावता घोड्याच्या मागून अंगठ्याने पुढे दाब द्यावा. तोही सुटता कामा नये. दस्त्याचा टेकू रबरी चटईवर हळू आपटून हीच तपासणी पुन्हा करावी. यांपैकी एकदा जरी घोडा घसरला तरी बंदूक कारागिराकडे द्यावी. शेवटी कातडे काढून, घोडा अंगठ्याने धरून अलगद खाली आणावा आणि त्याच्या तोंडातली पोकळ वाटी निपलवर मधोमध बसते का ते पाहावे, कारण फुटलेल्या टोपीचे तुकडे तीच वाटी अडवते. काही आठवड्यांनी, हवा बदलल्यावर, प्रत्येक स्क्रूला एकदा पाते लावून पाहावे आणि जो सैल झाला असेल त्याची नोंद त्याच पुठ्ठ्यावर त्याच्या आकृतीजवळ करावी. तोच स्क्रू दुसऱ्यांदा सैल मिळाल्यास तो न आवळता त्याखालचे लाकूड उघडून पाहावे.